एकाच ठोक्याला दोन अक्षरं

साताऱ्यात आमच्या टायपिंग क्लासचे मास्तर हातात लाकडी पट्टी घेऊन टेबलावर ताल धरायचे. ठोका पडला की वर्गातल्या सगळ्या पोरींनी एकेक कळ दाबायची. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. नजर शेजारच्या मजकुरावर. बोटांवर मास्तर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे, त्यामुळे खाली बघायची सोयच नव्हती, आणि मशीनवरच्या कागदाकडे बघणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. पट्टीचा वेग वाढत जायचा आणि शेवटी शेवटी रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत एकच अवाढव्य मशीन चाललंय. माझ्या अंगात तो ताल असा भिनला होता की घरी भाकरी थापताना हात त्याच ठोक्यावर पडायचा. आई वैतागायची. "भाकरी हाय ती, अर्ज न्हवं," म्हणायची.

वडलांना, आमच्या अप्पांना, मात्र या क्लासचं भारी कौतुक. ते पलटणीतून पायाला गोळी लागून घरी आलेले. मुलीनं टायपिंग शिकणं त्यांना कवायतीसारखंच वाटायचं. माझ्या पाठचे दोघं भाऊ शाळेत होते, वडलांना फार चालवत नव्हतं, तेव्हा मला नोकरी लागणं ही घरातली सगळ्यात मोठी बातमी ठरणार होती.

क्लासमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर विट्याची एक मुलगी बसायची. तिचे वडील आणि भाऊ तिकडे मद्रासकडे सोनं गाळायच्या धंद्यात होते. ती साताऱ्याला मामाकडे राहून शिकत होती. बोलायला तिखट, हसायला मोकळी, आणि बोटं अशी की मास्तरांची पट्टी तिच्या मागं धावावी. आमचं पहिल्या आठवड्यात भांडण झालं आणि दुसऱ्या आठवड्यात मैत्री. त्यानंतर दोन्ही गोष्टी आलटून पालटून चालूच राहिल्या.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. सांगलीत एक नवं संगणक केंद्र निघालं होतं आणि तिथं दोन टायपिस्ट हव्या होत्या. आम्ही दोघींनी अर्ज केला आणि दोघीही लागलो. सांगलीत एक खोली घेतली, एक स्टोव्ह घेतला आणि स्टोव्हला पिन कुणी मारायची यावरून रोज वाद घालायला लागलो.

संगणक पाहून माझी निराशाच झाली. कपाटाएवढा लोखंडी डबा, त्यावर लुकलुकणारे दिवे. पण त्याचा थाट विचारू नका. बाहेर सांगली भाजून निघत असायची आणि आत त्याच्यासाठी गारवा. चपला देवळासारख्या दाराबाहेर काढायच्या. वैशाखात आम्ही दोघी अंगावर शाल घेऊन कामाला जायचो आणि गल्लीतल्या बायका आमच्याकडे दयेनं बघायच्या.

काम होतं उसाच्या नोंदींचं. कारखान्याच्या सभासदानं कुठल्या गावात, कुठल्या शिवारात, कुठल्या महिन्यात लागण केली, ते इंग्रजी अक्षरांत संगणकात भरायचं. त्यावरून तोडणीची टोळी कुठं आणि कधी जायची ते छापून निघायचं. दोन कळफलक शेजारी शेजारी, एकावर मी, एकावर ती. आणि डब्याच्या आत एक मूळ प्रोग्राम. कळफलकावरून आलेलं अक्षर उचलून ज्याच्या त्याच्या ओळीत ठेवायचं, छपाईला कागद पुरवायचा, कुणाला आधी आणि कुणाला मग हे ठरवायचं, असा सगळा कारभार तो बघायचा. आता त्याला कर्नेल म्हणतात, पलटणीतला कर्नल नव्हे. आमचा इंजिनिअर मॉनिटर म्हणायचा. आम्ही दोघी त्याला कारभारी म्हणायचो. पुढं मी टायपिंग सोडून अशाच कारभाऱ्यांच्या पोटात हात घालायला शिकले आणि पुण्यात त्यावरच जन्मभर पोट भरलं, म्हणून आज हे सांगू शकते. तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

इंजिनिअर मिरजेचा होता, आमच्याहून थोडा मोठा. मुंबईला शिकून आलेला. डब्याबरोबर जो कारभारी आला होता त्याला एकच कळफलक सांभाळता यायचा, म्हणून यानं स्वतः नवा लिहिला होता. पोटच्या पोराचं करावं तसं त्याचं करायचा. आम्ही कळ जोरात मारली तरी त्याच्या कपाळावर आठी चढायची.

पहिले काही आठवडे बरे गेले. आमचे हात नव्या कळांना सरावले, मग शेजारी बसून आमचा जुना ताल आपोआप लागला. दोन माणसं बरोबर चालायला लागली की पावलं जुळतात ना, तसं. पट्टी नव्हती, मास्तर नव्हते, पण दोघींच्या कळा एका ठोक्याला पडायच्या. साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, पाहुण्यांना आणून दाखवायचे. "देखो, मुलींचा स्पीड बघा," असं सैन्यातल्या हिंदीत मिसळून सांगायचे. तेही पलटणीतून निवृत्त होऊन आलेले.

आणि नेमका तेव्हापासून घोळ सुरू झाला.

छापून आलेल्या कागदात मधूनच एखादं अक्षर भलतंच यायचं. बोरगावचं गोरगाव व्हायचं. एकदा ऊस तोडणाऱ्यांची आख्खी टोळी, बैलगाड्या, बायकापोरं, चुलीची भांडी घेऊन अशा गावाच्या शोधात हिंडली की जे गाव आख्ख्या जिल्ह्यात नाही. दुसऱ्या दिवशी त्या फडाचा मालक केंद्रात आला आणि दारातूनच ओरडला, "आवं, माझा ऊस उभ्या उभ्या वाळाया लागला! आमचं गाव कुनी पळवलं?" त्याला चहा पाजून शांत केलं. पण असे मालक एकामागून एक यायला लागले, आणि शेवटी कारखान्याकडून निरोप आला की हे थांबलं नाही तर काम काढून घेऊ.

इंजिनिअरनं स्वतः दोन्ही कळफलक तपासले. एकावर बसून टाईप केलं, मग उठून दुसऱ्यावर बसून केलं. एकही चूक नाही. साहेबांनी निष्कर्ष काढला. मशीन बरोबर, म्हणजे मुली चूक.

आमची अडचण अशी की आम्हाला शपथ घेता येईना. टाईप करताना मजकुरावरून नजर हटवायचीच नाही ही आमची शिकवण, तेव्हा बोटानं काय दाबलं याला साक्षीदार कोण? त्यात कागद छापून यायचा तो गावांच्या क्रमानं लावून, त्यामुळे कुठली ओळ कुणी भरली याचाही पत्ता लागत नसे. मला माझ्या बोटांची खात्री होती. तिला तिच्या बोटांची. मग राहिलं कोण?

खोलीवर धुसफूस सुरू झाली. "तुजं बोट घसरतंय," मी म्हणायची. "माजं न्हाई, तुजंच. कवापासनं बगतीया, चित्त थाऱ्यावर न्हाई तुजं," ती म्हणायची. स्टोव्हवर भात करपला तरी त्याचा दोष टायपिंगवर जायचा. एकदा दोघी एका खोलीत राहून दिवसभर एकमेकींशी बोललो नाही आणि मीठ मागायला शेजारणीच्या दारात गेलो, दोघी वेगवेगळ्या.

शेवटी एका शनिवारी साहेबांनी दोघींना उभं केलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना हुकूम द्यायची सवय होती. "मुलींनो, दोघींतल्या एकीची चूक आहे. दोघींना ठेवलं तर कारखाना जातो. सोमवारी मला नाव पाहिजे. नाव नाही आलं तर दोघीही घरी."

रविवारी मी कपडे धुतले आणि रडले. ती ट्रंकेतल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मला ते खटकायला हवं होतं, पण मी माझ्याच काळजीत होते. घरी काय सांगायचं, भावांच्या शाळेचं काय, वडील कसे बघतील, हेच डोक्यात.

सोमवारी मी उठले तेव्हा ती खोलीत नव्हती. तिची ट्रंकही नव्हती. केंद्रात गेले तर साहेब म्हणाले, "ती सकाळीच येऊन गेली. म्हणाली, चूक माझी आहे. चांगली मुलगी, प्रामाणिक. पण काय करणार?"

मला काय वाटलं ते सांगते. आधी सुटल्यासारखं वाटलं. मग राग आला, की मला एका शब्दानं न सांगता गेली. मग दिवसभर दर थोड्या वेळानं तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

आणि बघा गंमत, त्या दिवसापासून कागद स्वच्छ! एक अक्षर इकडचं तिकडं नाही. बोरगाव बोरगावच्या जागी. साहेब खूष. त्यांनी तिच्या जागी ऑफिसातल्या एका कारकुनाला बसवलं. तो एका बोटानं कळ शोधायचा, सापडली की तिच्याकडे कौतुकानं बघायचा, मग दाबायचा. तरीही कागद स्वच्छ. आता तर सगळ्यांची खात्रीच पटली. चहाच्या वेळी लोक म्हणायचे, "ती गेली आणि चुका गेल्या. आणखी काय पुरावा पाहिजे?" ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मी चहा अर्धा टाकून कळफलकावर जाऊन बसायची.

अस्वस्थ होता तो फक्त इंजिनिअर. एके दिवशी तो माझ्याशेजारच्या स्टुलावर येऊन बसला. कारकून कळ शोधत होता.

"मला हे पटत नाही," तो म्हणाला. "आजार आपोआप बरा झाला तर डॉक्टरला झोप लागत नाही. मला चूक सापडलेली नाही, ती नुसती गेली आहे."

"ती गेली म्हणून चूक गेली, असं सगळे म्हणतात," मी म्हटलं.

"ती गेली तेव्हा दोन गोष्टी गेल्या. एक ती, आणि दुसरं म्हणजे तुमचं दोघींचं बरोबर टाईप करणं. मी तपासलं ते एकट्यानं. हे साहेब," त्यानं कारकुनाकडे मान केली, "महिन्यातून एकदा कळ दाबतात. टाळी एका हातानं वाजत नाही. तिला एक दिवस आणता येईल का?"

त्याच रविवारी मी विट्याची एसटी धरली. तासगावच्या पुढं गाडीत बसायला जागा मिळाली. जाताना मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते आणि तिच्यासाठी घेतलेली भडंगाची पुडी मांडीवर सांभाळत होते.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिनं तो आवरला.

"काय गं? वाट चुकलीस?"

"इंजिनिअरनं बोलावलंय. एक दिस. दोघींनी बसून टाईप करायचं हाय."

"मी न्हाई येत. एकदा गेले ते गेले. आता काय माजी परीक्षा घ्येत्यात व्हय?"

तिच्या आईनं पाणी आणून दिलं. आई म्हणाली, "आल्यापासनं असंच चाललंय बाई. इचारलं की गप." मी समजावलं, हात जोडले, भडंग पुढं केलं. तिनं भडंग घेतलं पण नाही म्हणाली. मग माझाही संयम संपला.

"नगं येऊस. तितं समदी म्हंत्यात, ती गेली आन चुका गेल्या. म्हनू द्यात."

शेंगा फोडणारा हात थांबला.

"असं म्हंत्यात?"

"रोज. च्या पिताना."

"कोन म्हंतंय?"

"समदी. त्यो एका बोटाचा कारकून बी."

ती उठली, पदरातली टरफलं झटकली आणि आईला म्हणाली, "आये, माजी ट्रंक कुटं हाय?"

सोमवारी आम्ही दोघी शाली पांघरून शेजारी बसलो. साहेब मागं हाताची घडी घालून उभे. इंजिनिअरनं काम सोपं करून दिलं. मी फक्त 'ए' दाबायचा, तिनं फक्त 'एस' दाबायचा, आणि जसं रोज करायचो तसं करायचं. पहिल्यांदा आमचा ताल जुळेना. दोघी एकमेकींवर रागावलेल्या, कसा जुळणार? मग तिनं पायानं फरशीवर ठोका दिला, मास्तरांची पट्टी द्यायची तसा, आणि बोटं आपोआप चालायला लागली. हळू, मग जलद, मग आणखी जलद. किती बरं वाटलं मला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात मोकळे झाल्यासारखे.

"थांबा," इंजिनिअर म्हणाला.

त्यानं दोघींच्या ओळी वेगवेगळ्या कागदांवर छापून घेतल्या आणि माझा कागद वर धरला. 'ए', 'ए', 'ए' अशी रांग, आणि मध्ये एक 'एस'. पुढं आणखी एक. तिच्या कागदावर 'एस'च्या रांगेत माझे 'ए' बसलेले. ज्या कळेला माझं बोट लागलंच नव्हतं ते अक्षर माझ्या ओळीत होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

इंजिनिअर इतका खूष झाला की आम्हाला वाटलं याला वेड लागलं. लगेच कागदावर चौकोन काढून त्यानं समजावलं. कारभाऱ्याकडे आलेलं अक्षर ठेवायला एकच खण होता. माझं अक्षर आलं की तो ते खणात ठेवणार, मग ओळ शोधणार, मग खणातलं अक्षर उचलून त्या ओळीत नेणार. पण ठेवणं आणि उचलणं यांच्यामध्ये तिची कळ पडली, तर तो माझं काम अर्धवट टाकून तिच्याकडे धावणार आणि तिचं अक्षर त्याच खणात ठेवणार. ते तिच्या ओळीत पोचवून तो माझ्याकडे परत येतो आणि खणात जे असेल ते उचलून माझ्या ओळीत नेतो. खणात काय असतं? तिचं. माझं अक्षर पुसलं गेलं, आणि कारभाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. जिचं बोट केसभर आधी पडेल तिचं नुकसान. मध्ये वेळ इतका थोडा की आडवंतिडवं टाईप करणाऱ्या दोघांना ही चूक वर्षभरात दिसली नसती. एका तालावर कळा मारणाऱ्या दोघी शेजारी बसल्या म्हणून ती रोज दिसली. आता या दुखण्याला डेटा रेस म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. तेव्हा आमच्यापुरतं ते गोरगाव होतं.

"मग आता?" साहेबांनी विचारलं.

"दार लावून घ्यायचं," इंजिनिअर म्हणाला. "अक्षर खणात ठेवायच्या आधी कडी लावायची. ते ओळीत पोचलं की कडी काढायची. मधल्या वेळात कुणी ठोठावलं तर बाहेर थांबेल." त्यानं कारभाऱ्यात दोन हुकूम घातले, एक कडी लावण्याचा आणि एक काढण्याचा. दुपारी आम्ही पुन्हा बसलो. बोटं दुखेपर्यंत कळा मारल्या. माझ्या कागदावर नुसता 'ए', तिच्या कागदावर नुसता 'एस'.

इंजिनिअर साहेबांसमोर सरळ उभा राहिला. "साहेब, चूक माझी होती. कारभारी मी लिहिला." त्याच्या आवाजात जराही लाज नव्हती, सुटका होती. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बेटी, तुझी जागा तुझीच आहे. विचार करून पाच मिनिटांत सांग." बिचाऱ्यांना माफीसुद्धा हुकमाच्या सुरातच मागता यायची.

आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात आलो. उन्हात शाली काढल्या. कारकून चहा घेऊन चालला होता, त्यानं आमच्याकडे न बघता वाट बदलली. ती मनापासून हसली. मला मात्र एक गोष्ट टोचत होती.

"चूक तुजी न्हवतीच," मी म्हटलं. "तुला म्हाईत हुतं तुजं बोट घसरत न्हाई. मग सायबाला 'माजी चूक' असं का म्हनलीस?"

"मला वाटलं, तुजी हाय."

"काय?"

"खरंच वाटलेलं. माजी तर न्हाई, मग ऱ्हायलं कोन? तुजी नोकरी गेली तर तुज्या घरचं कसं व्हायचं? अप्पांचा पाय तसा, दोगं भाऊ शाळंत. माजं काय, दादा तिकडं कमवत्यात, दोन भाकरी कुटंबी मिळत्यात. म्हनून मी आदी जाऊन सांगून टाकलं."

मला भयंकर राग आला. अजून आठवला तरी येतो. "म्हंजी इतकं दिस तू मला चुकार समजत हुतीस? एवढी भिकार टायपिस्ट समजलीस मला?"

"व्हय, समजले," ती शांतपणे म्हणाली. "तरी गेले का न्हाई तुज्यासाटी?"

डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी शालीनं तोंड पुसत राहिले. तिनं माझा हात धरला, चपला दाराबाहेर काढल्या, आणि साहेबांना हो सांगायला आम्ही आत गेलो.